पंप हातात आहे, औषध कुठे आहे?

आपल्या घरांमध्ये दम्याचा पंप ही लपवायची वस्तू झाली आहे. दादीजानच्या उशीखाली, अब्बांच्या कुर्त्याच्या खिशात आणि लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर तिच्या पर्सच्या अगदी तळाशी, रुमालात गुंडाळलेला. पाहुणे आले की पंप आतल्या खोलीत जातो. ‘रिश्ता’ बोलायला माणसं येणार असतील तर तो कपाटात कुलूपबंद होतो. लपवायचा म्हटल्यावर तो भिंतीकडे तोंड करून, घाईघाईत, एका फवाऱ्यात उरकला जातो. आणि घेताना कुणी पाहत नसल्यामुळे तो चुकीचा घेतला जातोय, हेही कुणाला कळत नाही.

या सदराच्या एका वाचक भगिनीने मालेगावहून फोन केला होता. म्हणाल्या, “आपा, सासूबाईंचा दमा दोन वर्षांपासून आहे. तीन डॉक्टर बदलले. महागाचं औषध चालू आहे, पण रात्री बसूनच झोपतात.” मी सहज विचारलं, “औषध कसं घेतात?” त्या म्हणाल्या, “कॅप्सूल आहे नं, सकाळ-संध्याकाळ. पाण्यासोबत.”

ती कॅप्सूल गिळायची नव्हतीच. ती छोट्या यंत्रात टाकून, फोडून, आतली भुकटी श्वासाबरोबर ओढायची होती. यंत्र डब्यात नवंकोरं पडून होतं. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिलं, मेडिकलवाल्याने बरोबर दिलं, घरच्यांनी न चुकता पैसे भरले. एकच गोष्ट झाली नव्हती. दहा मिनिटं समोर बसून ‘हे असं घ्यायचं’ म्हणून कुणी दाखवलं नव्हतं. असा प्रकार फक्त त्यांच्याच घरात झाला असं समजू नका. छातीच्या आजारांचे डॉक्टर अशा कॅप्सूल गिळणाऱ्यांचे किस्से सांगतात, त्यांना तोटा नाही.

दाखवण्याचं हे काम ज्यांचं आहे, त्यांच्याविषयी आज लिहायचं आहे. फिजिओथेरपिस्ट, श्वसन तंत्रज्ञ, फुप्फुसांची तपासणी करणारे टेक्निशियन. या मंडळींना इंग्रजीत ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’ म्हणतात, सरकारी मराठीत ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला. नर्स आणि फार्मासिस्ट यांचे कायदे वेगळे आहेत, पण श्वासाच्या रुग्णापुरतं पाहिलं तर तेही याच रांगेत उभे आहेत. आपल्याकडे मात्र डॉक्टर सोडून जो कुणी पांढऱ्या कोटात दिसेल तो ‘कंपाउंडर’. आणि कंपाउंडरचं ऐकायला कोण थांबतं?

थांबायला हवं, कारण श्वासाचं औषध इतर औषधांसारखं नाही. तापाची गोळी गिळली की तिचं काम ती करते. गिळणाऱ्याला काही येण्याची गरज नाही. पंपाचं तसं नाही. त्यात हाताचं आणि श्वासाचं कसब लागतं.

या पंपाच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत १९५५ मध्ये जॉर्ज मेसन नावाच्या गृहस्थांची तेरा वर्षांची मुलगी दम्याने त्रस्त होती. तिला काचेच्या नाजूक फवारणी यंत्रातून औषध घ्यावं लागे. तिने वडिलांना विचारलं की केसांवर मारायचा स्प्रे जसा डब्यात मिळतो, तसं माझं औषध का मिळत नाही? वडील औषध कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी प्रश्न मनावर घेतला आणि १९५६ मध्ये पहिला मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. मुलांच्या प्रश्नांना ‘गप्प बस’ म्हणणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

पण पंप आला तरी तो घेता येणं ही वेगळी गोष्ट राहिली. स्पेनमधल्या संशोधकांनी १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. ५४ हजारांहून अधिक लोकांची पंप घेण्याची पद्धत त्यांत तपासलेली होती. बरोबर घेणारे निघाले जेमतेम ३१ टक्के. आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा जवळजवळ शून्य. यंत्रं बदलली, औषधं बदलली, कंपन्यांनी नवे रंग काढले. शिकवणं तेवढं राहून गेलं.

चूक नेमकी कुठे होते? आपल्या बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक दाबायचा पंप, दुसरं कॅप्सूलचं यंत्र. दोघांची रीत एकमेकांच्या उलटी आहे. दाबायचा पंप आधी नीट हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास आत घ्यायला लागायचं आणि त्याच क्षणी दाबायचं. श्वास सावकाशच पूर्ण करायचा आणि मग दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत रोखून धरायचा. कॅप्सूलच्या यंत्रात मात्र श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, नाहीतर भुकटी उडतच नाही. त्यात चुकूनही फुंकायचं नाही; फुंकलं की भुकटी ओली होऊन आतच चिकटते. आता एकाच घरात आजोबांकडे एक प्रकार आणि नातवाकडे दुसरा असेल आणि दोघं एकमेकांना ‘शिकवत’ असतील, तर काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

साध्या पंपातलं औषध अगदी नीट घेतलं तरी दहा-वीस टक्क्यांच्या आसपासच फुप्फुसात उतरतं. बाकीचं तोंडात आणि घशात. म्हणून मध्ये प्लास्टिकचा पोकळ डबा लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो फार उपयोगी पडतो. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवावं लागत नाही. तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाऱ्यावर वाळवायचा. ओढणीने घासून पुसू नका, त्याने प्लास्टिकमध्ये वीज साठते आणि औषध डब्यालाच चिकटून बसतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळणी करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. हे सगळं औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

मी पेशाने शिक्षिका. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. फळ्याजवळ बोलावून गणित सोडवायला लावलं की खरं कळतं. चांगला फार्मासिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट हेच करतो. तो ‘समजलं का’ विचारत नाही, ‘आता तुम्ही घेऊन दाखवा’ म्हणतो. चुकलं तर पुन्हा स्वतः करून दाखवतो, पुन्हा घ्यायला लावतो. पुढच्या भेटीत परत परीक्षा घेतो, कारण शिकलेलं माणूस विसरतं. सरकारी ओपीडीत समोर शंभर रुग्णांची रांग असताना डॉक्टरांकडून याची अपेक्षा करणं मला तरी अन्यायाचं वाटतं. पण तुम्ही काउंटरवर उभं राहून ‘भाई, जरा दाखवा’ म्हणायला कुणी अडवलेलं नाही. दाखवायला तयार नसेल तर दुकान बदला. औषधाची किंमत सगळीकडे तीच असते.

‘पंपाची सवय लागते’ हा आपल्याकडचा दुसरा हट्ट. त्यापेक्षा गोळी बरी, असं खालाजान आग्रहाने सांगतात. हिशोब पाहा. श्वासनळी मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात त्याच औषधाचे १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतकं औषध, आणि ते सगळ्या शरीरात फिरून, हृदय धडधडवून, हात थरथरवून मग फुप्फुसात पोहोचतं. सवयीचा दोष द्यायचाच तर दुसऱ्या गोष्टीला द्या. नुसत्या लगेच आराम देणाऱ्या, बहुधा निळ्या, पंपावर वर्षं काढायची आणि सूज कमी करणारा रोजचा पंप ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायचा. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही केवळ आरामाच्या पंपावर राहू नका असं स्पष्ट सांगितलं आहे.

हे झालं औषधाचं. पण आजार कोणता आहे, हे तरी ठरलंय का? आपल्याकडे धाप लागणारा प्रत्येक माणूस ‘दमेकरी’. त्यात दमा असतो, सीओपीडी असतो, जुन्या टीबीने खराब झालेलं फुप्फुस असतं, कधी चक्क हृदयाचा आजार असतो. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण होते. सीओपीडी म्हणजे सिगारेटवाल्यांचा आजार, हा समजही खरा नाही. बिडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या बायकांना चुलीच्या धुराने तो होतो, पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच विषयावर लिहून जगाचं लक्ष वेधलं होतं. भिवंडी-मालेगावच्या लूमवर कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आणि बंद खोलीत मच्छर अगरबत्ती, वर जुमेरातचं लोबान. सुगंध कितीही पवित्र वाटला तरी फुप्फुसासाठी तो धूरच. ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथे लोबान अंगणात लावा.

आजार ओळखण्यासाठी स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. यंत्राच्या नळीत फुंकायचं, एवढंच. पण कसं? छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात, सगळ्या ताकदीने, सहा सेकंदांपर्यंत थेंबभरही न राखता बाहेर काढायचा. असं किमान तीनदा नीट जमलं पाहिजे. इथे टेक्निशियनचं काम पाहण्यासारखं असतं. तो किंवा ती शेजारी उभी राहून अक्षरशः ओरडते: “फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!” शाळेच्या क्रीडा स्पर्धेत मैदानाच्या कडेला आम्ही ओरडतो तसं. रुग्णाने अर्धवट फुंकलं आणि टेक्निशियनने ते खपवून घेतलं, तर कागदावर आकडे छापून येतातच. फक्त ते चुकीचे असतात, आणि त्यावर डॉक्टर वर्षानुवर्षांचं औषध लिहितात.

आपल्या बायका इथे लाजतात. परक्या पुरुषासमोर तोंड उघडून जोरात फुंकायचं म्हटल्यावर ‘रहने दो’ म्हणून परत येतात. बिनधास्त विचारा, महिला टेक्निशियन कधी असतात? त्या वेळेची चिठ्ठी घ्या. जाताना छाती-पोटाला घट्ट कपडे नकोत, पोटभर जेवून जाऊ नका, आणि कोणता पंप किती तास आधी थांबवायचा हे आधीच विचारून घ्या. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते आधी सांगा.

आता फिजिओथेरपिस्टकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्यांच्याकडे होतं. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर, असा आपला समज. सीओपीडीचा माणूस काय करतो? चाललं की धाप लागते, म्हणून चालणं कमी करतो. आधी बाजार सुटतो, मग मशिदीचा जिना, मग नमाज खुर्चीवर, मग खुर्चीच घर होते. पायांचे स्नायू सुकतात. सुकलेल्या स्नायूंना तेवढंच काम करायला जास्त श्वास लागतो, धाप आणखी वाढते. घरचेही प्रेमाने म्हणतात, “अब्बा, तुम्ही बसा, मी आणते.” हे प्रेम त्यांना आणखी दुबळं करत असतं.

हा फेरा तोडण्याच्या उपचाराला ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ म्हणतात, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णाला पुन्हा हालतं-चालतं करणं. साधारण सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा. पहिल्या दिवशी सपाट लांब वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालायला लावतात आणि किती मीटर झाले ते मोजतात. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलेलं असतं. मग चालणं, सायकल, हातापायांना हलकी वजनं, सगळं त्या माणसाच्या कुवतीप्रमाणे वाढवत नेतात. सोबत श्वास सांभाळायला शिकवतात. नाकाने दोन आकडे श्वास आत, मग शीळ घालतो तसे ओठ करून चार आकडे सावकाश बाहेर. धाप लागली तर आडवं व्हायचं नाही. पुढे वाकून, कोपरं मांडीवर किंवा टेबलावर टेकून बसायचं. टीबीनंतर ज्यांची छाती कफाने भरलेली राहते, त्यांना कफ मोकळा करून बाहेर काढायच्या युक्त्याही हेच शिकवतात.

याचा उपयोग होतो का? २०१५ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेने सीओपीडीच्या रुग्णांवरच्या ६५ चाचण्या एकत्र तपासल्या, ३,८२२ रुग्णांच्या. धाप कमी, थकवा कमी, चालण्याचं अंतर जास्त. निकाल इतका स्वच्छ होता, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरजच नाही, असं त्यांनी म्हटलं. औषधांच्या जगात इतकं ठामपणे क्वचितच बोललं जातं. आणि तरी आपल्या ओळखीतल्या किती जणांना या उपचाराची चिठ्ठी मिळाली? डॉक्टरांनी आपणहून लिहिली नाही तर विचारा. मुंबईत केईएमसारख्या रुग्णालयाला जोडून फिजिओथेरपीचं शिक्षण देणारा विभाग आहे; इतर शहरांतही फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडी असतात. तिथे जाऊन ‘छातीची फिजिओथेरपी करता का’ असा साधा प्रश्न पुरतो.

अतिदक्षता विभागात तर ही मंडळी आपल्याला दिसतही नाहीत. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत होते, आणि यंत्रं मोजकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. ऐंशी टक्क्यांच्या वर असलेले मृत्यू पुढे पंचवीस टक्क्यांच्या आसपास आले. आज ते काम व्हेंटिलेटर करतो, पण व्हेंटिलेटरलाही माणूस लागतोच. कोरोनात आपण सगळे ‘बेड मिळेल का, व्हेंटिलेटर मिळेल का’ एवढंच विचारत होतो. ते यंत्र लावून त्यावर चोवीस तास नजर ठेवणारा, रुग्णाला चार जणांच्या मदतीने पालथा करणारा कोण, हे विचारायचं सुचलं नाही.

म्हणून बारावी सायन्सच्या मुलींच्या अम्मींना एक सांगते. दर जूनमध्ये माझ्याकडे त्याच तक्रारी येतात. नीटमध्ये एमबीबीएसइतके गुण आले नाहीत, आता मुलीला घरी बसवणार. फिजिओथेरपीची पदवी आहे, श्वसन तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या वस्तीतल्या ज्या बायका पुरुष टेक्निशियनसमोर फुंकत नाहीत, त्यांना या मुली हव्या आहेत. फक्त गल्लीतल्या ‘सहा महिन्यांत टेक्निशियन’च्या बोर्डाला भुलू नका. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा आहे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे का, हे कागदावर पाहूनच फी भरा.

रमजानचा विषय टाळता येणार नाही. रोज्यात पंप घेतल्याने रोजा तुटतो की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारा. पण त्याआधी, शाबानमध्येच, डॉक्टरांना भेटा. दिवसातून दोनदा घ्यायचा पंप सहेरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतो का ते विचारा. आणि दुपारी तीन वाजता दम कोंडला तर मगरिबची वाट पाहत बसू नका. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्ये आहे.

शेवटी पंप संपला की नाही, हे ओळखण्याबद्दल, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो पाहायची जुनी युक्ती भरवशाची नाही. आणि औषध संपल्यावरही काही फवारे गॅसचे निघत राहतात, त्यामुळे आवाजावर जाऊ नका. मागे आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहा. नसेल तर डब्यावरचे फवारे मोजा. दोनशे फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे पन्नास दिवस. एकशे वीसचा असेल तर तीस दिवस. पंप उघडाल त्या दिवशीच मार्कर पेनने संपायची तारीख त्यावर लिहून टाका, आणि पंप सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.